मशीन चालू करायच्या आधीची दहा मिनिटं कोणाची?

आमच्या पुण्याजवळच्या भोसरी पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. काही वर्षांपूर्वी कस्टमरचा ऑडिटर आला, त्याने एका पॉवर प्रेसची (पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनची) रोजची चेकशीट मागितली, मी ऐटीत फाईल पुढे केली, महिन्याची एकूण एक घरं भरलेली, सगळीकडे टिक. त्याने काही न बोलता चार घरांवर बोट ठेवलं. चारही गुरुवार. गेटला कुलूप, आत वॉचमन आणि दोन कुत्री, आणि आमची मशीन मात्र चारही गुरुवारी तपासून ओके.

ऑडिटर गेल्यावर मी सगळ्यांना विचारत फिरलो की बाबांनो ही मशीन रोज नक्की बघतं कोण. ऑपरेटर म्हणाला मेंटेनन्सवाले बघतात की. मेंटेनन्सचा फिटर म्हणाला आम्ही ब्रेकडाऊनला येतो, रोजचं ऑपरेटरचं काम. सुपरवायझर म्हणाला सेफ्टी ऑफिसर आहेत ना त्यासाठी, आणि सेफ्टी ऑफिसर आठवड्यातून दोन दिवस यायचे, ते म्हणाले माझ्याकडे शीट भरून येते, मी सही करतो. मग शीट भरत कोण होतं? तर महिनाअखेरीला एक हेल्पर, ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून, एका पेनाने, एका दमात.

हे लिहितोय ते नवीन लोकांसाठी, म्हणजे आयटीआय करून पहिल्यांदा शॉपवर आलेली पोरं आणि डिप्लोमा करून एकदम सुपरवायझर झालेली पोरं, दोघांसाठी. आमचं प्रेस शॉप आहे म्हणून उदाहरणं प्रेसची जास्त येतील, पण तुमच्याकडे लेथ असो की मोल्डिंग मशीन, पद्धत तीच लागू पडते.

सुरुवात चेकशीटपासून नाही, मशीनपासून करा

पहिल्या दिवशी नवा सुपरवायझर काय करतो, कॉम्प्युटरवर बसून जुन्या कंपनीतून आणलेली चेकशीट उघडतो, नाव बदलतो, प्रिंट काढतो. आमची शीट अशीच आलेली, ३४ मुद्दे होते त्यात, आणि त्यातले निम्मे 'स्थिती चांगली आहे का' असल्या छापाचे. स्थिती चांगली म्हणजे काय हो? ऑपरेटरला समोर मशीन उभी दिसते, म्हणजे चांगलीच की.

तर असं करा. एक मशीन निवडा, जिची सगळ्यांना भीती वाटते ती. शिफ्ट बदलायच्या वेळी तिच्याजवळ चार माणसं उभी करा: ती चालवणारा, डाय बसवणारा सेटर, मेंटेनन्सचा फिटर आणि एखादा नवीन हेल्पर. त्यांना एकच विचारायचं, ही मशीन माणसाला कुठे कुठे मारू शकते ते बोट करून दाखवा. सेटर आणि ऑपरेटर वेगवेगळ्या जागा दाखवतील, आणि हेल्पर अशी जागा दाखवेल जी दोघांच्या डोक्यातही नसेल, कारण स्क्रॅप काढायला मागच्या बाजूने वाकतो तो. आमच्या हेल्परने दाखवलं होतं की मागच्या बाजूचं फ्लायव्हीलचं, म्हणजे जड फिरत्या चाकाचं, गार्ड तीन बोल्टांवर आहे आणि चौथ्याच्या जागी वायर पिळलेली आहे. ती वायर किती वर्षं होती कोणालाच माहीत नव्हतं.

त्या गप्पांमधून जे निघेल त्याचे आठ ते दहा मुद्दे करायचे, जास्त नाही. दहा मिनिटांत जे होत नाही ते रोज होणार नाही, ते आठवड्याच्या यादीत टाका. आणि प्रत्येक मुद्द्यात हाताने करायची एक कृती आणि समोर दिसणारं एक उत्तर पाहिजे. 'एअर प्रेशर ठीक आहे का' असं लिहू नका, गेजच्या काचेवर हिरवा पट्टा रंगवा आणि लिहा, काटा हिरव्यात आहे का. भाषा मराठी आणि हिंदी दोन्ही ठेवा, फोटो टाका, आपल्याकडे शॉपवर निम्मी पोरं बिहार, यूपी, ओडिशाची असतात आणि त्यांना मराठीच काय, आपलं इंग्रजी मिसळलेलं हिंदीही कधीकधी कळत नाही, ती मान हलवतात आणि आपण समजतो कळलं.

पॉवर प्रेस: इथे जरा थांबून वाचा

ऑटो कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या छोट्या शॉपांमध्ये बोटं जातात ती सगळ्यात जास्त पॉवर प्रेसवर. सेफ इन इंडिया नावाची संस्था २०१९ पासून जखमी कामगारांना भेटून याचे रिपोर्ट काढते, सुरुवात गुडगाव-मानेसरकडून झाली, नंतर महाराष्ट्रातले कामगारही त्यात आले, आणि चित्र दोन्हीकडे तेच. त्यामुळे या मशीनची तपासणी मी सविस्तर सांगतो.

मेन स्विच बंद असतानाच मशीनभोवती एक चक्कर मारायची. डायचे बोल्ट आणि क्लॅम्प पान्याने हलवून बघायचे, नुसते डोळ्याने नाही. पायपट्टीवर कव्हर आहे का, नाहीतर वरून एखादा पार्ट पडला तरी स्ट्रोक, म्हणजे मशीनचा एक ठोका, बसतो. जमिनीवर तेल सांडलेलं आहे का, कारण घसरताना माणूस जे हाताला लागेल ते धरतो, आणि प्रेसपाशी हाताला काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे. रात्रीच्या शिफ्टवाल्याने डायमध्ये पाना, चिंधी, चहाचा कप काही विसरला नाही ना, हसू नका, चहाचा कप मी स्वतः काढलाय.

मग लाईट चालू, पण मटेरियल न लावता. सगळ्यात आधी इमर्जन्सी स्टॉप. दाबून ठेवायचं आणि मग मोटर स्टार्टचं बटण दाबायचं, मोटर सुरू झाली नाही पाहिजे. झाली तर तिथेच थांबा, पुढचं काही बघू नका. इथे नवीन पोरांना एक गोष्ट कोणी सांगत नाही, मोटर बंद झाली म्हणजे प्रेस बंद झाली असं नाही, फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि पिन क्लचच्या, म्हणजे पिन अडकवून फ्लायव्हीलची गती जोडणाऱ्या, जुन्या प्रेसमध्ये तेवढ्या फिरण्यावर एक पूर्ण स्ट्रोक आरामात बसू शकतो. म्हणून डायमध्ये हात घालायचा असेल तर फ्लायव्हील पूर्ण थांबल्याचं डोळ्याने बघायचं, मेन स्विच काढून स्वतःचं कुलूप लावायचं आणि रॅमखाली, म्हणजे वरून खाली येणाऱ्या भागाखाली, सेफ्टी ब्लॉक, म्हणजे तो खाली येऊ न देणारा ठोकळा, ठेवायचा.

पुढे दोन हातांची बटणं. नुसतं उजवं दाबा, काही व्हायला नको. नुसतं डावं दाबा, काही व्हायला नको. एक दाबून धरा आणि जरा वेळाने दुसरं दाबा, तरीही स्ट्रोक यायला नको, दोन्ही एकदम दाबली तरच यायला पाहिजे. मग दोन्ही दाबून स्ट्रोक घ्या, एकच हात सोडा आणि परत दाबा, दुसरा स्ट्रोक आला नाही पाहिजे, आला तर समजायचं कोणीतरी पॅनेलमध्ये हात घालून ठेवलाय. एका बटणात लाकडाची काडी खुपसून ते कायमचं दाबून ठेवणं ही आपल्याकडची सगळ्यात जुनी युक्ती आहे, एक हात मोकळा राहतो, नग वाढतात, आणि तो मोकळा हातच मग आत जातो. काडी सापडली तर ऑपरेटरवर ओरडायच्या आधी स्वतःला विचारा की ताशी नगाचं टारगेट कोणी ठरवलं होतं.

मग सिंगल स्ट्रोकवर पाच-सहा रिकामे स्ट्रोक. दरवेळी रॅम वर एकाच जागी थांबला पाहिजे. जरा खाली सरकून थांबत असेल तर ब्रेक ढिला होतोय. आणि एकदा दाबल्यावर दोन स्ट्रोक आले, ज्याला आपण डबल मारणं म्हणतो, तर ती मशीन त्या क्षणी बंद, मग गाडी गेटवर उभी असो नाहीतर मालक स्वतः शेजारी उभा असो.

लाईट कर्टनबद्दल एक (डायसमोरचा प्रकाशकिरणांचा पडदा, हात मध्ये आला की मशीन थांबवणारा), कारण यात शिकलेली माणसंही फसतात. एअर क्लचच्या, म्हणजे हवेच्या दाबावर क्लच चालणाऱ्या, प्रेसवर कर्टन असेल तर मशीनबरोबर आलेली टेस्ट रॉड घेऊन वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी आडवी धरायची, लाल दिवा लागला पाहिजे, आणि रॅम खाली येताना रॉड घातली तर रॅम मध्येच थांबला पाहिजे. पण पिन क्लचला हे लागूच होत नाही. पिन एकदा बसली की तो स्ट्रोक पूर्ण होणारच, मध्ये थांबवायची सोयच त्या मशीनमध्ये नाही. अशा प्रेसवर महागडं कर्टन लावून निर्धास्त झालेले मालक मी बघितलेत, आतून वाईट वाटतं. तिथे उपाय साधा आहे, डायभोवती असं फिक्स गार्ड बसवा की बोट आत जाणारच नाही, किंवा डायची उघडीपच ६ मिमीच्या आत ठेवा. रोज सकाळी फक्त ते गार्ड जागेवर आहे ना, बोल्टने आहे ना, तारेने नाही ना, एवढं बघायचं.

कोणी काय बघायचं

सगळ्यांची जबाबदारी म्हटलं की ती कोणाचीच राहत नाही, हे लग्नाच्या मांडवात पाण्याचा जार कोणी भरायचा यावरून आपल्याला माहीतच आहे. म्हणून वाटणी नावानिशी करा. रोजचे आठ-दहा मुद्दे ऑपरेटरचे. डाय बदलली की सेटरने स्वतः तपासून, ऑपरेटरसमोर रिकामे स्ट्रोक मारून दाखवून मशीन ताब्यात द्यायची. आठवड्याची यादी फिटरची. आणि सुपरवायझरने रोज एक मशीन, कोणतीही, ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून स्वतःच्या हाताने तपासायची. यातला शेवटचा भाग गाळला की बाकीचं सगळं दोन महिन्यांत कागदावर जातं, आमच्याकडे दोनदा गेलंय म्हणून सांगतो.

शिफ्ट बदलताना जाणारा आणि येणारा ऑपरेटर मशीनपाशी भेटले पाहिजेत, पंचिंगच्या रांगेत नाही. 'दुपारपासून क्लचचा आवाज बदललाय' हे वाक्य कोणत्याही चेकशीटमध्ये बसत नाही, ते तोंडीच दिलं जातं. आता याला अडचण काय यायची तर कंपनीची बस. पहिली शिफ्ट सुटली की बस लगेच निघायची, मागे राहिला तो रिक्षाने जाणार, मग कोण थांबेल मशीनपाशी? आम्ही वर्षभर पोरांना शिस्तीवर लेक्चर दिली, शेवटी कोणीतरी बस दहा मिनिटं उशिरा सोडून बघितली आणि प्रश्न संपला. ती दहा मिनिटं पगारात धरा मात्र, फुकटात कोणी थांबणार नाही आणि थांबूही नये.

अजून एक करा, आठवड्यातून एक दिवस अदलाबदल. शेजारच्या मशीनवाल्याने तुमची तपासायची, तुम्ही त्याची. रोज बघून बघून आपल्या मशीनचा दोष आपल्याला दिसेनासा होतो, घरातल्या भिंतीची ओल जशी पाहुण्यालाच दिसते तसं. आणि महिन्यातून एकदा ट्रेनीला तपासू द्या आणि जुन्या ऑपरेटरने फक्त बघायचं, शिकवायची याहून चांगली पद्धत मला सापडली नाही. कॉन्ट्रॅक्टची पोरं यातून वगळू नका. त्यांचा गेटपास वेगळ्या रंगाचा असतो, प्रेसला तो रंग दिसत नाही.

टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे सगळ्यांनी मिळून मशीन सांभाळायची पद्धत) केलेल्या कंपन्यांमध्ये याच कामाला जेएच म्हणतात, जिशु होझेन, म्हणजे ऑपरेटरने आपल्या मशीनची आपण काळजी घेणं. ही पद्धत जपानमध्ये १९७१ च्या सुमारास निप्पॉनडेन्सो कंपनीत रुजली आणि तिथून आपल्याकडच्या ऑटोवाल्यांकडे आली. त्यात एक मुद्दा फार पटण्यासारखा आहे, साफ करणं हेच तपासणं. आपल्याला ते वेगळं शिकवायची गरज नाही खरं तर, खंडेनवमीला आपण मशीन कशी धुऊन पुसून हळद-कुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो, त्या दिवशी आमच्याकडे दरवर्षी दोन-तीन तडे, एखादा गळका पाईप, एखादी उघडी वायर सापडतेच सापडते. कारण वर्षातून त्या एका दिवशी माणूस मशीनच्या मागच्या बाजूला फडकं घेऊन हात फिरवतो. म्हणून आम्ही रोजच्या दहा मिनिटांतली पहिली तीन फडक्याची ठेवली, मशीन बंद असताना.

बाकी यंत्रं, भराभर

बेंच ग्राइंडर: टूल रेस्ट (पार्ट टेकवायची पट्टी) आणि चाक यांच्यातली फट ३ मिमीपेक्षा जास्त नको, चाकावरच्या गार्डला असलेल्या जिभेची ६ मिमीपेक्षा जास्त नको. रोज मोजायला स्केल कोण शोधणार, म्हणून ३ आणि ६ मिमी पत्र्याचे दोन तुकडे दोरीने ग्राइंडरलाच बांधून ठेवा, तुकडा आत गेला तर फट जास्त आहे. नवीन चाक लावायच्या आधी बोटावर लटकवून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं वाजवायचं, टणकन वाजलं तर चांगलं, फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं तर फेकून द्यायचं. चाकावरचा आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. लावल्यावर एक मिनिट बाजूला उभं राहून रिकामं फिरू द्यायचं. हँड ग्राइंडरची डिस्क असेल तर तिच्या मधल्या रिंगवर एक्सपायरीची तारीख असते, ती वाचा, बहुतेकांना ती असते हेच माहीत नसतं. आणि गार्ड काढून मोठी डिस्क लावणारा माणूस कितीही कारागीर असला तरी त्याच्या हातातून ग्राइंडर काढून घ्या.

क्रेन: सकाळी रिकामा हुक सावकाश वर नेऊन लिमिट स्विचला थांबतो का बघायचं. हुकाची सेफ्टी लॅच स्प्रिंगने आपोआप बंद होते का. पेंडंटवर, म्हणजे क्रेनच्या लटकत्या बटणपेटीवर, बाण मिटले असतील तर रंगवा, नाहीतर वर म्हणून खाली जाईल. पट्ट्याच्या स्लिंगचा रंगच क्षमता सांगतो, जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन, पण कडेला कापलेली किंवा टॅग न वाचता येणारी स्लिंग असेल तर ती नुसती स्क्रॅपमध्ये टाकू नका, कात्रीने दोन तुकडे करा, अख्खी टाकली तर आठवड्याने ती परत हुकाला लटकलेली दिसते. वर्षातून एकदा कॉम्पिटंट पर्सन, म्हणजे सरकारमान्य तपासणारा, क्रेन तपासून सर्टिफिकेट देतो, मालाच्या लिफ्टचं दर सहा महिन्यांनी, पण ते सर्टिफिकेट त्या दिवसापुरतं असतं, दोर दुसऱ्या दिवशीही तुटू शकतो.

गॅस कटिंग: ऑक्सिजनचा सिलेंडर काळा, ॲसिटिलीनचा मरून. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी पेटवून कधीच नाही. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावायचा नाही, वॉल्व्ह कडक फिरतो म्हणून ग्रीस लावणारा महाभाग आमच्याकडे होता, वेळेत दिसला म्हणून बरं.

फोर्कलिफ्टला ब्रेक, हॉर्न, रिव्हर्सचा भोंगा, चेन, आणि फोर्क जिथे वाकतो त्या कोपऱ्यात तडा आहे का. हे सगळं चालवायच्या आधी, पहिली फेरी मारून आल्यावर नाही. लाईटच्या बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा, पण सगळ्यांना सांगून, चालू मशीन मध्येच थांबतील. आग विझवायच्या पावडरच्या सिलेंडरचा काटा हिरव्यात पाहिजे, सीओटूच्या सिलेंडरला काटाच नसतो, तो वजन करूनच कळतो, आणि आमच्याकडे कित्येक वर्षं सीओटूसमोर 'काटा हिरव्यात' अशी टिक व्हायची.

दोष सापडला, आता?

सगळी मेख इथे आहे. तपासणी शिकवायला एक आठवडा पुरतो, पण 'ही मशीन आज चालणार नाही' हे वाक्य माणसाच्या तोंडून निघायला वर्ष जातं.

माझीच चूक सांगतो. एक ट्रेनी पोरगा, लागून तीन आठवडे झालेले, माझ्याकडे येऊन म्हणाला सर, प्रेस एकदा डबल मारली. डिस्पॅचची गाडी उभी होती, दोनशे नग कमी होते. मी म्हणालो आत्ता चालव, लंचमध्ये बघू. तो गेला, चालवायला लागला. अर्ध्या तासाने प्रेसने परत डबल मारलं, पोरगा चिमट्याने पार्ट काढत होता म्हणून चिमटा गेला. त्याने तो चपटा झालेला चिमटा आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता उभा राहिला. एका जुन्या सेटरला आम्ही मामा म्हणायचो, ते मागून आले आणि म्हणाले, साहेब, आता हा पोरगा तुम्हाला परत कधी सांगायला येणार नाही. आणि खरंच, तो मशीनमधलं काहीही असलं तरी मामांना सांगायचा, मला नाही. त्याचा विश्वास परत मिळवायला मला फार वेळ लागला.

त्यानंतर आम्ही जे नियम केले ते असे. मशीन बंद कोणीही करू शकतो, हेल्परसुद्धा, परवानगी लागत नाही, लाल कार्ड लटकवलं की बंद. पण परत चालू करायला दोघं लागतात, दुरुस्त करणारा फिटर आणि बंद करणारा माणूस, दोघांनी मिळून परत तपासायचं आणि मगच कार्ड काढायचं. सुपरवायझरला एकट्याने कार्ड काढता येत नाही, मालकालाही नाही. मालकांना हे पटवायला तीन मिटिंगा लागल्या.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा, लाल कार्डाचा वेळ ऑपरेटरच्या टारगेटमधून वजा होतो. म्हणजे समजा ताशी ४०० नगांचं टारगेट आहे आणि मशीन दोन तास लाल कार्डावर होती, तर त्याचं टारगेट ८०० ने कमी, इन्सेन्टिव्ह शाबूत. हे केलं नसेल तर बाकी सगळी पोस्टर फाडून टाका, कारण खरं बोलल्याबद्दल तुम्ही त्याच्या खिशातून पैसे काढताय. ज्या महिन्यात हे सुरू केलं त्या महिन्यात लाल कार्डांचा पाऊस पडला, मॅनेजर घाबरले की पोरं कामचुकारपणा करतायत, पण कार्डं बघितली तर एक-दोन सोडून सगळी खरी होती, वर्षानुवर्षं साठलेली.

कार्ड लागल्यावर सुपरवायझरने पहिल्या मिनिटात काय करायचं तेही सांगतो: मशीनपाशी जायचं, 'कोणी केलं' न विचारता 'दाखव' म्हणायचं. चेहऱ्यावर आठ्या आल्या तरी पोरांना दिसतात. आणि दुरुस्ती कधी होणार ते कार्डावरच लिहायचं, स्पेअर यायला चार दिवस लागणार असतील तर चार दिवस लिहा. सांगितलं आणि काहीच झालं नाही असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा माणूस सांगत नाही. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर फक्त मशीन नंबर, दोषाचा फोटो आणि दुरुस्त झाल्यावरचा फोटो, गुड मॉर्निंग टाकणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

नवीन लागलेल्यांनो

तुम्हाला वाटेल आपण आजच आलोय, आपण कसं सांगणार. कायदा तुमच्या बाजूने आहे. जुन्या कारखाने अधिनियम १९४८ मध्येही ट्रेनिंग आणि माहिती मागायचा हक्क होता, पण गंभीर धोका वाटला तर तो वर कळवायचा आणि त्यावर लगेच कारवाई व्हायची हे कलम मुख्यतः धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जो २०२० चा सुरक्षा आणि आरोग्याचा लेबर कोड लागू झालाय त्यात हा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला आहे, थेट मालकाला किंवा सेफ्टी कमिटीमार्फत सांगायचा, सोबत सरकारी इन्स्पेक्टरलाही. पण त्याच कोडमध्ये तुमचं कर्तव्यही आहे, असुरक्षित काही दिसलं तर कळवायचं आणि सेफ्टीसाठी बसवलेल्या वस्तूत मुद्दाम ढवळाढवळ करायची नाही. म्हणजे ती काडी तुम्ही घातलीत तर तुम्हीही अडकता.

प्रत्यक्षात कायदा सांगत बसू नका, ऑपरेटरला म्हणा, दादा, हे असं चालतं का, मला एकदा दाखवता? बहुतेक वेळा दाखवता दाखवता त्यालाच दोष दिसतो. तरी कोणी ऐकलं नाही तर मशीनला हात लावू नका आणि सुपरवायझरला गाठा. ज्या मशीनचं ट्रेनिंग दिलं नाही ती 'पाच मिनिटं उभा राहा' म्हणून कोणी सांगितलं तरी उभं राहायचं नाही. अंगठी, कडं, मनगटावरचा लाल दोरा, लांब बाह्या हे सगळं लॉकरमध्ये. दोरा देवाचा आहे हे मान्य, पण ड्रिलला ते कळत नाही.

शीट खरी आहे का हे कसं ओळखायचं

गुरुवारची घरं आम्ही आता काळी छापतो, पण त्याने फक्त गुरुवार सुटला. एकाच शाईच्या, एकाच तिरकस हाताच्या तीस टिका दिसल्या की समजायचं. आणि महिनाभर एकही दोष नसलेली शीट आली की मी आनंदित होत नाही, मशीनकडे जातो. जुन्या प्रेसमध्ये महिनाभर काहीच सापडलं नाही असं होतच नाही.

एक युक्ती सांगतो, फुकटची आहे. घरून बायकोच्या टिकल्यांचं पाकीट आणलं, तिने विचारलं कशाला, सांगितलं तर हसली. सकाळी लवकर जाऊन एका मशीनवर अशा जागी टिकली चिकटवायची जिथे तपासताना नजर जायलाच पाहिजे, गार्डच्या आतल्या कडेला, पायपट्टीच्या कव्हरखाली, अर्थात मशीन बंद असताना. ज्याला सापडेल त्याने आणून दिली की वडापाव. दुसऱ्या आठवड्यात पोरं टिकली शोधायला म्हणून मशीन खालीवर करायला लागली आणि टिकलीसोबत एक तुटका स्प्रिंग घेऊन आली. पण खरा दोष मुद्दाम करून ठेवायचा नाही हां, बोल्ट ढिला करून 'बघू कोण पकडतं' हा खेळ एका ठिकाणी ऐकलाय, तो ज्याने केला त्याला कामावरून काढायला पाहिजे होतं.

शुक्रवारी सकाळी मात्र दहाची वीस मिनिटं करा. दीड दिवस बंद असलेल्या मशीन असतात, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं ते ड्रेन करून मगच हवा सोडा, नाहीतर पाणी क्लचच्या वॉल्व्हपर्यंत जातं. पावसाळ्यात ब्रेकच्या लायनिंगला दमट हवा लागलेली असते, रिकामे स्ट्रोक पाचऐवजी दहा घ्या. आणि कंट्रोल पॅनेल उघडायला इलेक्ट्रिशियनला बोलवा, मेन बंद करून टॉर्च मारायला लावा, सुट्टीच्या दिवशी कॅन्टीन बंद म्हणून उंदीर तिकडे जातात आणि सेन्सरच्या वायरी त्यांना फार आवडतात.